अभ्यासिकेत पोरं मोजायला ६४ ठिपक्यांचा सेन्सर पुरे की उगाच?

केळीबाग_जळगाव:
कोणत्या खोलीत किती पोरं बसलीत ते खाली फलकावर दिसावं आणि रिकाम्या खोलीचा कूलर बंद व्हावा, एवढीच गरज. कॅमेऱ्याला मुलींचा विरोध, आणि तो रास्तच. पीआयआर, म्हणजे माणूस आला की आपोआप दिवा लावणारा सेन्सर, फक्त हालचाल ओळखतो. एमपीएससीचं पोरगं पुस्तकात मुंडकं खुपसून बसलं की त्याच्या लेखी खोली रिकामी. म्हणून म्हणतो, छताला पॅनासॉनिकचा ग्रिड-आय हा उष्णता टिपणारा सेन्सर लावा. ८ गुणिले ८ ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक तापमान. रिकाम्या खोलीचं तापमान वजा करायचं, उरलेले गरम पुंजके मोजायचे. चेहरा कुणाचाच दिसत नाही.

भुसावळी_ऊन:
काय भो, थंडीत सुचलेलं दिसतंय! मे महिन्यात ये इकडे. पारा ४५ वर, डोक्यावर पत्रा. भिंत-फरशी ३५ च्या पुढे जाते, माणसाची कातडी ३३-३४. वजाबाकीत उरणार काय, घंटा?

केळीबाग_जळगाव:
मग माणूस गार पुंजका दिसेल. अधिक-उणे सोडा, नुसता फरक मोजा.

भुसावळी_ऊन:
सकाळी तू भिंतीपेक्षा गरम, दुपारी गार. म्हणजे मधे कधीतरी दोघं सारखेच! तेव्हा तू गायब, आणि नेमका तेव्हाच कूलर बंद.

धुळ्याची_ताई:
कूलर चालू असला की खोली तेवढी तापत नाही, ते सोडा. गोम वेगळीच आहे. रिकाम्या खोलीचं तापमान दिवसभर बदलतं, म्हणून ते ताजं करत राहावं लागतं. भरभर केलं तर तासन्‌तास न हलणारी मुलगी हळूहळू भिंतीत जमा होते. सावकाश केलं तर उठून गेलेल्याची गरम खुर्ची काही वेळ माणूस म्हणून मोजली जाते. शिवाय सेन्सरच्या नजरेचा कोन ६० अंशांचाच: तीन मीटरवरून फरशीवर साडेतीन मीटरचा चौकोन, पण बसलेल्यांच्या डोक्यापाशी जेमतेम दोन मीटर.

चोपडा_नाका:
मेलेक्सिस कंपनीचा ३२ गुणिले २४ वाला सेन्सर घ्या. ७६८ ठिपके, खेटून बसलेले निदान वेगळे दिसतील.

धुळ्याची_ताई:
ठिपके वाढवून खुर्ची गार होत नाही, दादा. दारावर लावा, आत-बाहेर मोजा.

केळीबाग_जळगाव:
दोघं एकदम घुसले की एकच मोजला जातो, आणि ती चूक दिवसभर बेरजेत राहते.

धुळ्याची_ताई:
रात्री कुलूप लावताना शून्य करा.

भुसावळी_ऊन:
त्यापेक्षा दारात वही ठेवा ना.

केळीबाग_जळगाव:
येताना सही करतात. जाताना कोण करतो?

भुसावळी_ऊन:
बरं, लावा सेन्सर. पण शंका आली की कूलर चालूच राहिला पाहिजे. आणि त्या बिलाला कोण तयार आहे ते आधी विचारा.