उद्योजकतेवरची पीएच.डी.: सोलापूरचा संशोधक जगाच्या चर्चेसाठी घडवावा की जिल्ह्याच्या गरजेसाठी?

धागाकर्ता (वाणिज्य विभाग)

आपल्या भागात उद्योजकतेवर होणाऱ्या बऱ्याच प्रबंधांचा साचा ठरून गेला आहे. 'सोलापूर जिल्ह्यातील अमुक उद्योगाचा चिकित्सक अभ्यास' असे शीर्षक, पाच पर्यायांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि शेवटच्या प्रकरणात शासनाला शिफारशी. आंतरराष्ट्रीय उद्योजकता हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला या साच्यातून बाहेर काढून, जगभरच्या संशोधकांशी बरोबरीने वाद घालता येईल असे प्रशिक्षण दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. सोलापूर ही त्यासाठी अडचणीची नव्हे, उलट फार सोयीची जागा आहे.

या विषयातला मूळ वाद थोडक्यात सांगतो. योहान्सन आणि वाल्ने यांनी 1977 मध्ये मांडले, की कंपनी आधी ओळखीच्या, जवळच्या बाजारात उतरते आणि अनुभव वाढेल तशी दूरच्या देशांत जाते. ओव्हिएट आणि मॅकडूगल यांनी 1994 मध्ये दाखवून दिले, की काही कंपन्या स्थापनेपासूनच अनेक देशांत व्यवहार करतात. आता आपला टेरी टॉवेलचा कारखाना यांपैकी कुठे बसतो?

माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नावलीत 'परदेशी बाजारपेठेत उतरण्याचा निर्णय आपण कोणत्या वर्षी घेतला?' असा प्रश्न होता. अक्कलकोट रोडच्या एका कारखानदारांनी ती चौकट रिकामी सोडली. ती पुन्हा जाऊन बसली, तेव्हा त्यांनी कपाटातून परदेशी दुकानाचे लेबल शिवलेला टॉवेल काढून दाखवला. मुंबईच्या मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत, म्हणजे कारखान्यांचा माल घेऊन स्वतःच्या नावाने निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत, त्यांचा माल कित्येक वर्षे बाहेर जात होता. वजन किती जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) हवे, धुतल्यावर किती आटलेले चालेल, रंग कितपत पक्का हवा, हे सारे परदेशी गिऱ्हाइकाकडून ठरून येत होते, आणि स्वतःच्या नावाचा आयईसी क्रमांक (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) मात्र त्यांनी फार उशिरा काढला. कागदावर हा कारखाना स्थानिक होता आणि माल परदेशात खपत होता. 'निर्णय' असा कुठल्याच वर्षी झाला नव्हता. दोन्ही सिद्धांतांना अडचणीत आणणारी ही माहिती आहे, पण ते ओळखण्यासाठी विद्यार्थ्याने दोन्ही सिद्धांत मुळातून वाचलेले असावे लागतात.

2022 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) विनियमांनुसार पीएच.डी.साठी किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम असतो. त्यात आठवड्याला एक शोधनिबंध वाचून त्यावर लेखी टीका करण्याचा वर्ग असावा, त्यानंतर निदान वर्षभर कारखान्यांत जाऊन बसणे असावे, आणि परीक्षकांच्या आक्षेपांना उत्तर कसे लिहावे हेही शिकवले जावे. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती याच विनियमांनी काढली, त्यामुळे घाईघाईने दोन निबंध कुठेतरी छापून आणण्याऐवजी एकच निबंध सावकाश आणि नीट लिहिता येईल. नियतकालिके मिळत नाहीत ही तक्रारही 2025 पासून 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेमुळे सरकारी संस्थांपुरती बरीच दूर झाली आहे. तिच्यात सुमारे 13,000 नियतकालिके आहेत.

बार्शीचा अध्यापक

सर, आपल्याशी मी सहमत नाही. आपण विद्यार्थी कोण आहे हे लक्षातच घेतलेले नाही. सकाळी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा, दुपारी दुसरीकडे काम करणारा आणि घरची जबाबदारी सांभाळणारा माणूस अर्धवेळ पीएच.डी.ला बसतो. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून त्याने दर आठवड्याला वाचनवर्गाला यायचे कसे? 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट या पात्रता परीक्षांपैकी एक उत्तीर्ण असणे ही किमान पात्रता आहे; पीएच.डी. तो पुढच्या आशेने करतो. आपण ज्याला संशोधनाची कारकीर्द म्हणता, तिच्यासाठी आपल्या भागात किती जागा आहेत? नसलेल्या नोकरीसाठी सहा वर्षे तयारी करून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरे असे, की ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा टॉवेल निर्यातदारांना दुसरा बाजार कुठला, तिथले नियम काय, पैसे अडकण्याचा धोका किती, हे सांगणारा माणूस हवा होता. 1977 आणि 1994 च्या वादातून त्यांच्या हाती काय पडले असते? जिल्ह्याच्या पैशावर शिकणाऱ्याने आधी जिल्ह्याच्या उपयोगी पडावे.

पूर्व भागातील वाचक

सोलापूर शहराच्या पूर्व भागात आमच्याकडे यंत्रमाग आहेत. संशोधक येतात, इंग्रजी किंवा मराठी प्रश्नावली देतात, भरून नेतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. घरात आम्ही तेलुगू बोलतो. उधारी, नात्यातली भागीदारी, मुंबईच्या पार्टीशी झालेला तोंडी करार या गोष्टी आई-वडील तेलुगूतच सांगतात, आणि त्या कोणत्याही प्रश्नावलीत येत नाहीत. प्रशिक्षण द्यायचेच असेल तर आधी हे ऐकून घेण्याचे द्या. निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापले तर ते आम्ही कुठे वाचणार? त्यांचा मराठी गोषवारा आमच्या हाती पडला पाहिजे, ही साधी अपेक्षा आहे.

धागाकर्ता

पूर्व भागातील वाचकांची अपेक्षा रास्त आहे. मराठी गोषवारा कारखानदारांपर्यंत पोहोचवणे ही मी प्रशिक्षणाचीच अट मानतो. तेलुगू जाणणारा विद्यार्थी तर इथे बाहेरच्या कोणत्याही संशोधकापेक्षा पुढे आहे.

आयातशुल्काच्या मुद्द्यावर मात्र मी बार्शीच्या सरांशी ठामपणे असहमत आहे. सुती टेरी टॉवेलची निर्यात मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या 630260 या संकेतांकाखाली देशनिहाय आणि महिनानिहाय पाहता येते. पण त्या आकड्यांमागे कोणता कारखाना आहे, तो स्वतः विकतो की दुसऱ्याच्या नावाने, हे आकडे सांगत नाहीत. मर्चंट एक्स्पोर्टरवर अवलंबून असलेल्या कारखानदाराला 'नवा बाजार शोधा' असा सल्ला देणे निरर्थक आहे, कारण गिऱ्हाइकाशी त्याची ओळखच नसते. हा फरक ज्या संशोधकाला कळतो, तोच उपयोगी सल्ला देऊ शकतो, आणि तो कळण्यासाठी सिद्धांत लागतो.

बार्शीचा अध्यापक

फरक पटला, पण माझा मूळ प्रश्न पोटापाण्याचा आहे आणि त्याला उत्तर मिळालेले नाही. मार्गदर्शक प्राध्यापकाला 8 विद्यार्थी घेता येतात, ही कमाल मर्यादा आहे. तितके घेतलेच पाहिजेत असे नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती मिळून पूर्णवेळ काम करू शकणाऱ्या दोघातिघांनाच आपले प्रशिक्षण द्या. बाकीच्यांना निर्यातीची कागदपत्रे, बाजारपेठेचे सर्वेक्षण आणि पतव्यवस्था यांवर उपयोजित काम करू द्या, म्हणजे पदवीनंतर ते निर्यातदारांकडे किंवा बँकेत तरी लागतील.

धागाकर्ता

विद्यार्थी कमी घ्यावेत, हे मला मान्य आहे. प्रवेशाच्या दारातच अशी विभागणी करणे मान्य नाही, कारण मग सांगोल्याहून येणारी, अधिछात्रवृत्ती नसलेली विद्यार्थिनी पहिल्या दिवसापासून दुसऱ्या रांगेत बसेल. लेबलाचा तो टॉवेल पाहून आलेली मुलगी अर्धवेळच होती. पहिले वर्ष वाचनवर्ग सर्वांना एकच असावा, तो रविवारी ऑनलाइन घ्यावा, आणि कोणी कोणत्या वाटेने जायचे ते वर्षाअखेरीस ज्याच्या त्याच्या लेखनावरून मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांनी मिळून ठरवावे.