पार्टोग्राफ ॲपवर की हातानं?

केसबुक_ट्यूटर: जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलींचं मिडवायफरी केसबुक (बाळंतपणाच्या केसेसची वही) मोबाइल ॲपवर न्यावं, असं माझं ठाम मत आहे. कागदी पार्टोग्राफचं, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्या आलेखाचं, दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे: डिलिव्हरी उरकल्यावर तो बसून भरतात. बाळाचे ठोके १४०, १४२, १४०, एकाच पेनानं, एका दमात. ॲप वेळ स्वतः टाकतं, मागची वेळ घालू देत नाही.

लाल_पेन: कुठली वेळ टाकतं? पीव्ही (आतून तपासणी) १० वाजता झाली. मग ग्लोव्हज काढा, हात धुवा, बाईला कुशीवर वळवा, तेव्हा कुठे फोन. नोंद पडते १०:१२ ला. पहिल्या अवस्थेत, गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत, हे खपेल. दुसऱ्या अवस्थेत, तिथून बाळ बाहेर येईपर्यंत, ठोके दर ५ मिनिटांनी ऐकायचे असतात, तिथे तीन नोंदी एकाच मिनिटावर चिकटतात. प्रामाणिक मुलगीच खोटी ठरते.

केसबुक_ट्यूटर: म्हणून रकाने दोन हवेत, तपासल्याची वेळ आणि नोंदवल्याची वेळ. पहिली तिनं भरायची, दुसरी कुलूपबंद. दोन्हींत तासाभराचं अंतर दिसलं की ट्यूटरनं विचारायचं.

तिरकी_रेघ: माझा आक्षेप वेगळा आहे. ॲप आलेख स्वतः काढतं, मग मुलगी शिकते काय? गर्भाशयाचं तोंड ९ वाजता ५ सेंमी उघडलेलं, १ वाजता ७ सेंमी. हातानं फुली मारली की दिसतं: अलर्ट रेघेवर (तासाला १ सेंमी, ही इशाऱ्याची रेघ) ९ असायला हवे होते, म्हणजे आपण रेघेच्या उजवीकडे २ तास सरकलोय, ॲक्शन रेघ (जिथे काहीतरी करायलाच हवं) अजून २ तास पुढे. ॲपवर नुसता पिवळा ठिपका येतो. कळांचंही तेच. २० सेकंदांच्या आतली कळ ठिपक्यांनी, २० ते ४० ची तिरक्या रेघांनी, ४० च्या वरची पूर्ण काळी. चौकोन रंगवायचा म्हणून मुलगी पोटावर हात ठेवून १० मिनिटं मोजते. ड्रॉपडाउन असला की ‘३/१०’ (१० मिनिटांत ३ कळा) निवडून मोकळी!

लाल_पेन: आणि ड्रॉपडाउनमध्ये आधीच ‘गर्भजल स्वच्छ’ भरून ठेवलेलं असलं तर विचारायलाच नको. रकाना कोराच उघडला पाहिजे.

पाच_सेंमी: रेघेचा एवढा लळा कशाला? डब्ल्यूएचओच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये, म्हणजे पार्टोग्राफच्या नव्या तक्त्यात, ती १ सेंमी तासाची रेघच नाही. सुरुवात ४ ऐवजी ५ सेंमीपासून, आणि प्रत्येक सेंमीला वेगळी मुदत: ५ वर ६ तास, ६ वर ५, ७ वर ३, ८ वर अडीच, ९ वर २. तुमच्या उदाहरणात बाई ७ वर ३ तास अडकली तरच इशारा. ही मुदत मोजायला ॲप बरंच.

तिरकी_रेघ: मान्य. पण वॉर्डात अजून जुनाच कागद लावलेला असेल, तर मुलीला दोन्ही वाचता यायला हवेत. पहिल्या पाच केसेस कागदावर, मग ॲप. चालेल?

केसबुक_ट्यूटर: पाच नको, दहा. ठरलेल्या डिलिव्हऱ्या पुऱ्या करायच्याच असतात. पण ट्यूटरची सही केसगणिक, त्याच पाळीत. महिनाअखेरीला सगळ्या केसेसवर एकदम ‘ॲप्रूव्ह’ दाबायचं बटणच ठेवू नका.

लाल_पेन: आणि केसपेपरचा फोटो जोडायची सोयही काढा. बाईचं नाव, गाव, फोन नंबर मुलीच्या गॅलरीत पडून राहतो. केस क्रमांक पुरे.