लिफ्टची भीती: ऑफिसला सांगायचं कसं? कायद्यात काही बसतं का?

पायऱ्यावाला
पुण्यात खराडीला आयटीत आहे. आमची टीम दुसऱ्या मजल्यावरून अकराव्यावर हलवली. मी जिन्यानेच जायचो, पण आता सिक्युरिटीने जिन्याच्या दाराला कुलूप घातलंय. लिफ्टचं दार लागलं की मानेला घाम फुटतो, हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो आणि आता हवा संपणार असं वाटतं. मॅनेजर सगळ्यांसमोर हसतो. एचआर म्हणते सर्टिफिकेट आणा. आई म्हणते, रामरक्षा म्हण. गुडघ्याचा एमआरआयही, त्या नळीसारख्या मशीनमध्ये जावं लागतं म्हणून, याच पायी टाळतोय. याला खरंच आजार धरतात का, की मीच भित्रा?

मंडईकरीण
भित्रा वगैरे काही नाही हो दादा. क्लॉस्ट्रोफोबिया, म्हणजे बंदिस्त जागेची भीती, हा रीतसर निदान होणारा आजार आहे. मलाही होता, अजून थोडा आहे. लिफ्ट हवाबंद नसते हे मला पाठ होतं, पण भीतीला ते कुठं कळतं? मधेच पळ काढला की मेंदू धरून चालतो, पळालो म्हणून वाचलो. म्हणून माझ्या थेरपिस्टनं पायरी-पायरीनं नेलं. आधी मेट्रोच्या सिव्हिल कोर्ट स्टेशनात सरकत्या जिन्यानं खाली जाऊन नुसतं उभं राहायचं, भीती ओसरेपर्यंत. मग मेट्रोनं कसबा पेठ, मग मंडई, शेवटी थेट स्वारगेट, सगळं जमिनीखालून. कसब्याला दार उघडेपर्यंत खांबाला अशी धरून होते की शेजारच्या आजींनी पिशवीतनं लिमलेटची गोळी काढून दिली!

एमआरआयचं आधीच सांगून ठेवा. गुडघ्यासाठी पायाकडून आत घेतात, डोकं बहुतेक वेळा बाहेरच राहतं. हातात बेल देतात. डॉक्टरांनी शांत करणारं औषध दिलंच, तर येताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

आनंदी_आनंद
अनुलोम-विलोम करा, सगळं मनाचे खेळ.

मंडईकरीण
करते की रोज. लिफ्टमधली भीती तेवढ्यानं गेली नाही.

वकीलबाई_शिवाजीनगर
आधी ते कुलूप. सुटकेचा जिना कुलूपबंद ठेवता येत नाही. तो महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याचा विषय आहे. तिथे तुमच्या आजाराचा प्रश्नच येत नाही. ऑफिसला लेखी कळवा, नाही हललं तर अग्निशमन दलाकडे तक्रार.

दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये मानसिक आजार येतो, पण व्याख्या गंभीर आजाराची आहे आणि नोकरीतल्या आरक्षणासारख्या लाभांना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. नुसत्या लिफ्टच्या भीतीवर ते मिळणं अवघड, खोटी आशा लावत नाही. शिवाय वाजवी सोय देण्याचं कलम 20 सरकारी आस्थापनांपुरतं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मात्र उपयोगी: मानसिक आजाराला विमा शारीरिक आजाराच्याच धर्तीवर द्यावा लागतो, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पायऱ्यावाला
मग सर्टिफिकेटवर काय लिहून घेऊ?

वकीलबाई_शिवाजीनगर
मानसोपचारतज्ज्ञाकडून दोन ओळी पुरेत: उपचार चालू आहेत, तूर्त जिना वापरू द्यावा किंवा खालच्या मजल्यावर जागा द्यावी. सगळी कहाणी एचआरच्या फाइलीत जायची गरज नाही. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे. रात्री-अपरात्री फारच घाबरायला झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलतात. आणि मॅनेजर परत हसला तर त्याच दिवशी एचआरला मेल टाका, तोंडी नको.