शब्दचर्चा: ‘प्रौढ धर्मशिक्षण’ म्हणावं का?

प्रश्न

आमच्या धर्मग्रामात (कॅथलिक पॅरिशमध्ये) मोठ्या माणसांसाठी आठवड्याला एक तास सुरू करायचा आहे. सूचनाफलकासाठी ‘प्रौढ धर्मशिक्षण वर्ग’ असं लिहिलं आणि वाचून माझंच मन उतरलं. मागे याच नावाचा वर्ग झाला होता. पहिल्या रविवारी बाकं भरली, चौथ्या रविवारी दोघं उरले. शिकवणारे फादर तळमळीचे, विषयही चांगले होते. नावातच काही अडतंय का? दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद: मराठीचा एक शिक्षक

ताई, नावात नक्कीच अडतंय. ‘प्रौढ शिक्षण’ हा जोडशब्द मराठीत साक्षरतेच्या मोहिमांनी व्यापून टाकलाय. तो कानावर पडला की अक्षरओळख राहून गेलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. मधे ‘धर्म’ घातला तरी ती छाया जात नाही. संसार चालवणाऱ्या, मुलं वाढवणाऱ्या माणसाला त्यात ‘तुमचं राहून गेलंय, या, भरून काढू’ एवढंच ऐकू येतं. वर ‘वर्ग’ म्हटलं की फळा आणि हजेरी आलीच.

समासाचीही एक गंमत पाहा. ‘प्रौढश्रद्धाशिक्षण’ असा शब्द केला तर त्याचे दोन विग्रह होतात: प्रौढांना श्रद्धेचं शिक्षण किंवा प्रौढ श्रद्धेचं शिक्षण. पहिल्यात वय मोजलंय, दुसऱ्यात श्रद्धेची पक्वता. बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात (४:१३-१४) हीच दुसरी प्रौढता अभिप्रेत आहे. शिकवणुकीच्या प्रत्येक वाऱ्याने हेलकावे खाणारी बालकं राहू नका, असं तो सांगतो. साठीतल्या माणसाची श्रद्धाही बाराव्या वर्षी थांबलेली असू शकते.

प्रतिसाद: धर्मशिक्षिका

मला ‘तयारी’ हा शब्द जास्त छळतो. ख्रिस्तशरीराची (पहिल्या कम्युनियनची) तयारी, दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) तयारी, लग्नाची तयारी. तयारी म्हटली की ती समारंभापाशी संपते. दृढीकरण झालं की ‘सुटलो’ म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि पुढे तीच आपल्या बाळाच्या स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळीच भेटतात. जुन्या चर्चमध्ये उलट होतं. नवदीक्षितांना संस्कारांचा अर्थ विस्ताराने उलगडून सांगितला जायचा तो संस्कार मिळाल्यावर. जेरुसलेमच्या सिरिलच्या नावे असलेली चौथ्या शतकातली प्रवचनं याच प्रकारची आहेत. ग्रीक शब्द ‘मिस्टॅगॉजी’. मोठ्या माणसांना चर्चमध्ये घेण्याच्या १९७२च्या प्रौढदीक्षाविधीने हा टप्पा परत आणला. मराठीत ‘रहस्यबोध’ म्हणता येईल, पण फलकावर तो गूढकथेसारखा वाचला जाईल अशी भीती वाटते.

धर्मशिक्षणाला चर्चमध्ये ‘कॅटेकेसिस’ म्हणतात, त्याचं मूळही पाहा. ग्रीक ‘काटेखेओ’मध्ये नाद आहे, इंग्रजीतला ‘एको’ त्याच कुळातला. तोंडी सांगणं, कानात घुमवणं. शुभवर्तमान ज्याला उद्देशून लिहिलं त्या थेओफिलाला लूकने ‘तुला जे शिकवलं गेलं त्याची खात्री पटावी’ (१:४) असं लिहिलं, तिथे हेच क्रियापद आहे, आणि थेओफिल काही शाळकरी पोर नव्हता. माझ्या मनात मात्र नेहमी येतं की पडसाद उमटायला समोर काहीतरी हवं. मोठ्यांच्या तासात त्यांचं आयुष्य समोर नसेल तर आपला आवाज जातो तो जातोच.

प्रतिसाद: धर्मज्ञानाचा विद्यार्थी

‘शिक्षण’ इतक्या सहज टाकू नका. श्रद्धेला आशय आहे: विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली), संस्कार, आज्ञा, प्रार्थना. कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक शिकवणुकीचा १९९२चा अधिकृत ग्रंथही या चार भागांत रचलेला आहे. नुसत्या ‘अनुभवकथना’त हे सगळं हरवतं. दुसऱ्या जॉन पॉल पोपनी १९७९मध्ये प्रौढांच्या धर्मशिक्षणाला त्याचं मुख्य रूप म्हटलं, ते प्रौढांवर जबाबदारी जास्त असते आणि संदेश पूर्णपणे जगण्याची कुवत त्यांच्यात असते म्हणून. एवढं महत्त्वाचं काम नुसत्या गप्पांवर सोडता येत नाही.

प्रतिसाद: मराठीचा शिक्षक

मान्य. म्हणून मला ‘जडणघडण’ जवळचा वाटतो. ‘घडवणं’ सकर्मक आहे, ‘घडणं’ अकर्मक. ‘शिकवणारा’ म्हटलं की समोर फक्त शिकणारा उरतो, पण ‘श्रद्धेची जडणघडण’ म्हटलं की कोण कोणाला घडवतंय हे मोकळं राहतं आणि फादरही त्यात येतात. दोष एकच, शब्द अहवालात शोभतो, बोलताना कुणी म्हणणार नाही. ‘जडणघडणीला येताय ना?’ असं ऐकलंय कधी?

प्रतिसाद: धर्मशिक्षिका

नाही ऐकलं. आणि शब्द बदलून रीत तीच ठेवली तर लोकांना आठवड्यात कळेल. ऑगस्टीनने साधारण ४०० साली कार्थेजच्या एका डीकनला (धर्मगुरूंच्या हाताखालच्या सेवकाला) सल्ला दिला होता: ऐकणारा जांभया देऊ लागला तर त्याला बोलतं करा, उभा असेल तर बसायला द्या. माणूस आधी दिसला पाहिजे.

प्रश्नकर्ती

हे वाचताना मागच्या वर्गातली एक गोष्ट आठवली. एका काकांनी विचारलं होतं, ‘एवढी प्रार्थना करूनही मुलगा गेला. आता प्रार्थनेला बसतो तेव्हा काय म्हणू?’ त्यांना सांगण्यात आलं की आजचा धडा संस्कारांचा आहे. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मीही तेव्हा तिथे गप्प बसले होते, ते अजून टोचतं.

‘धर्मशिक्षण’ मुलांकडेच राहू दे. अहवालात ‘प्रौढांच्या श्रद्धेची जडणघडण’ लिहीन. फलकावर फक्त ‘श्रद्धासंवाद’, आणि खाली आशय बुडू नये म्हणून: ‘विषय: प्रार्थना. कॅटेकिझमचा चौथा भाग सोबत वाचू.’ फलक लावण्याआधी काकांच्या घरी जाऊन येते. सुरुवात त्यांच्या प्रश्नाने करायला ते हो म्हणाले तरच करू.