झिंकची फवारणी आणि नाल्याच्या पाण्यावरची साळ

एका दादांनी विचारलंय की, किनवटकडे कारखान्याच्या नाल्याचं पाणी साळीला बसतं, तर झिंक फवारलं की तांदूळ खायला चालेल का? दादा, फायदा होऊ शकतो, पण आधी पाण्यात विषारी धातू कोणता ते पाहा.

कॅडमियम हा विषारी धातू आणि जस्त, म्हणजे आपलं झिंक, रसायनानं भावकीतलेच. मुळांतल्या काही वाटा दोघांच्या सामाईक, त्यामुळे जमिनीत जस्त कमी असलं की कॅडमियमला रान मोकळं मिळतं. मँगनीजचंही तसंच, भातात कॅडमियम मुख्यतः मँगनीजच्याच वाटेनं शिरतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात जस्त आणि लोह पिकाला मिळत नाही, म्हणून झिंक सल्फेट जमिनीतूनच द्या, हेक्टरी २० ते २५ किलो. डीएपी या स्फुरदाच्या खतात मात्र मिसळू नका, दोन्ही वाया जातं.

आर्सेनिकची गोष्ट वेगळी. ते सिलिकाच्या वाटेनं आत येतं, तिथं सिलिका असलेली साळीच्या तुसाची राख उपयोगी.

आणि पाणी! खाचर तुंबलेलं राहिलं की आर्सेनिक वाढतं, कॅडमियम घटतं. वाळवलं की उलट. परभणी भागात पेरसाळ कोरड्यावर घेतात, त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं.

माती, पाणी आणि तांदूळ, तिन्ही तपासून घ्या. पॉलिश तांदळात कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ०.४ मिलिग्रॅम आहे. अहवाल येईपर्यंत तो तांदूळ लेकरांना घालू नका, हात जोडून सांगतो.