मदत हवी आहे: कोलॅजनचं कडं गाभ्यापासून सुटतंय

मणका_१७
मणक्याच्या गादीचं रोपण बनवतोय. गाभा अल्जिनेटचा (समुद्री शेवाळातून मिळणारं जेल), भोवती कोलॅजन या प्रथिनाच्या जेलचं कडं. आतल्या पेशींच्या ओढीने कडं आकसून गाभ्याला घट्ट धरायला हवं, पण चौथ्या दिवशी दोघांत फट पडते. तीन बॅच वाया गेल्या. गाभ्याच्या मध्यात पेशीही मरतायत. कोलॅजन 2.5 मिग्रॅ/मिली, पेशी नेहमीच्याच. लवकर सांगा.

जेलीफिश
"नेहमीच्याच" म्हणजे किती, कुठल्या प्राण्याच्या? गाभ्याची जाडी, प्लेटचा प्रकार, धुण्याचं द्रावण, काहीच लिहिलेलं नाही.

तंतुवाद्य
कोलॅजन सोडा. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचे, इलेक्ट्रोस्पिनिंगने (विजेच्या दाबाने अतिबारीक तंतू ओढून) काढलेले पापुद्रे गाभ्याभोवती गुंडाळा. एका थरात तंतू +30 अंश, पुढच्यात −30. खऱ्या गादीतही ते असेच आलटून पालटून तिरके असतात. हे आकसतच नाही, मग फट कुठून पडणार?

जेलीफिश
दाट विणीत पेशी आत शिरत नाहीत, वरवरच राहतात. मध्ये पॉलिइथिलीन ऑक्साइडचे तंतू विणून नंतर ते पाण्याने धुवून काढावे लागतात, ते तुम्ही गाळलंत. आणि 2011 मध्ये उंदरांच्या शेपटीत बसवलेली गादी कोलॅजन-अल्जिनेटचीच होती. सहा महिने तिने उंची राखली.

तंतुवाद्य
ती गादी जेमतेम 1 मिमी उंच! 2018 मध्ये शेळीच्या मानेत 8 आठवडे राहिली ती पॉलिकॅप्रोलॅक्टोनची. माणूस नुसता उभा असला तरी कमरेच्या गादीत साधारण 0.5 मेगापास्कल दाब असतो. मऊ जेल तो कसा पेलणार?

सरळकणा
गादी सरकली असेल तर घाई नको, बऱ्याचदा बाहेर आलेला भाग शस्त्रक्रियेविनाच आकसतो. मात्र लघवीवरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद जात चालली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मणका_१७
मी रुग्ण नाही, हे प्रयोगशाळेतलं काम आहे. पेशी गाईच्या शेपटीतल्या. गाभ्यात 2.5 कोटी/मिली, कड्यात 10 लाख/मिली. गाभा 6 मिमी जाड. प्लेट 12 खान्यांची, पेशी चिकटाव्यात म्हणून प्रक्रिया केलेली. मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) बदलताना पीबीएसने, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या पाण्याने धुतो. ग्लुकोज 5.5 मिलिमोलर.

ताम्रपट
फटीचं कारण प्लेट आहे. जेल भिंतीला चिकटलं की पेशींची ओढ भिंतीकडेही जाते आणि सगळ्यात कच्चा सांधा, म्हणजे गाभ्याकडचा, उसवतो. खान्याच्या तळाला आणि भिंतींना आधी 2% अॅगारोजचा थर द्या. कोलॅजन 37 अंशांवर 30 मिनिटांत गोठलं की बारीक स्पॅच्युला कडेने फिरवून जेल मोकळं करा. मोकळं कडं आतल्या बाजूला आकसतं, आणि मध्ये गाभा अडवायला असल्यामुळे तंतू आपोआप गोलाकार वळतात.

पीबीएस आजच बंद करा. अल्जिनेटला बांधून ठेवणारं कॅल्शियम त्यातलं फॉस्फेट ओढून घेतं आणि अल्जिनेट कडेपासून ढिलं पडतं. 0.9% मिठाच्या पाण्यात 1.8 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालून धुवा.

आता पेशी. माणसाच्या गाभ्यात मिलिलिटरला सुमारे 40 लाख असतात, तुमच्याकडे त्याच्या सहापट. बाहेरच्या पेशीच ग्लुकोज संपवतात. या पेशी ऑक्सिजनविना काही दिवस तग धरतात, पण ग्लुकोज 0.5 मिलिमोलरच्या खाली गेलं की मरतात. साचलेलं लॅक्टिक आम्ल त्यात भर घालतं. जाडी 2 मिमी, पेशी 50 लाख, ग्लुकोज 25 मिलिमोलर करून पाहा.

तंतुवाद्य
25 मिलिमोलर ग्लुकोजवर पोसलेली गादी शरीरात गेल्यावर उपाशी मरेल. रक्तातच 5 च्या आसपास असतं, आणि गादीत रक्तवाहिन्या नाहीत, जे मिळेल ते वरच्या-खालच्या कूर्चेतून झिरपून.

ताम्रपट
हा मुद्दा पटला. 25 फक्त सांधा जमेपर्यंत ठेवा, रोपणाआधीचे दोन आठवडे 5.5 वर आणा. मुख्य उपाय जाडी कमी करणं हाच.

जेलीफिश
पण पेशी मेल्या हे कशावरून?

मणका_१७
कॅल्सीन (जिवंत पेशी हिरव्या दिसतात) आणि एथिडियम होमोडायमर (मेलेल्या लाल) हे रंग टाकले, अख्ख्या जेलवर. कडेला हिरवं, मध्य काळा.

जेलीफिश
काळा, लाल नाही! म्हणजे रंग मध्यापर्यंत पोचलेलाच नाही. आधी जेल मधोमध कापा, कापलेल्या बाजूवर रंग टाकून 30 मिनिटं थांबा, मगच सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. तोपर्यंत पेशींची संख्या बदलू नका, नाहीतर फट कशाने भरली तेही कळणार नाही. प्लेट आणि धुण्याचं द्रावण एवढंच बदला.

मणका_१७
अॅगारोज आज ओततो. कापलेल्या जेलचे फोटो इथेच टाकतो.