माद्रिदमध्ये लॅटिन हाऊस संगीताच्या जुन्या रेकॉर्ड कुठे मिळतील? मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामानं माद्रिदला चाललोय, मधे एक रविवार मोकळा आहे. हाऊस म्हणजे क्लबमध्ये नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत; त्यातल्या स्पॅनिश डीजे चुसच्या, म्हणजे त्याच्या 'स्टिरिओ प्रॉडक्शन्स' लेबलवरच्या 12 इंची रेकॉर्ड शोधतोय. साथीदार डीजे पाब्लो सेबायोसबरोबर त्यानं जो 'इबेरिकन साउंड' रूढ केला, तोच हवाय: तालवाद्यांचे थरावर थर, खाली जाडजूड बेस, गाणं जवळपास नाहीच. चुसची 'दॅट फीलिंग' ही रेकॉर्ड मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण ती जरा गोडच. मला त्याहून रांगडा, ट्रायबल माल आवडतो.

रविवारी एल रास्त्रोचा बाजार भरतो हे ठाऊक आहे. तिथे हाऊस सापडतं, की नुसतं फ्लामेंको आणि जुनं पॉप? की सरळ मालासान्या भागातली रेकॉर्डची दुकानं गाठू?

दुसरं, डीजेनं वापरलेली रेकॉर्ड सुरुवातीलाच मागेपुढे फिरवून घासलेली असते. ऐकायची सोय नसेल तर हे नुसत्या नजरेनं कसं ओळखायचं? उजेडात तिरकी धरली तरी मला फक्त मोठे ओरखडे दिसतात.

आणि 15-20 रेकॉर्ड केबिन बॅगेतून कुणी आणल्यात का? चेक-इनमध्ये टाकायची हिंमत होत नाही.